‘कॉलिंग आलंय म्हणते, आता काय करायचं?’

हा प्रश्न घेऊन आईवडील माझ्याकडे समुपदेशनाला येतात ते हवालदिल होऊन. कॉलिंग म्हणजे एखाद्या कामाचं आतून आलेलं बोलावणं. "मॅडम, हातातली पर्मनंट नोकरी सोडते म्हणते. कसलं तरी कॉलिंग आलंय." मुलं येतात ती एकटी, बहुतेक ऑफिस सुटल्यावर, आणि पाणी पिऊन झालं की सांगतात, "आय फील कॉल्ड टू समथिंग एल्स." आधीचं सगळं बोलणं कोंकणी-मराठीत झालेलं असतं, हे एवढं वाक्य इंग्रजीत. कुणाला शेतीनं बोलावलेलं असतं, कुणाला फोटोग्राफीनं, कुणाला योग शिकवण्यानं. इथं गोव्यात हरमल-मांद्रेच्या किनाऱ्यावर दोन-चार सुट्ट्या काढून आलेल्यांना तर कशानं ना कशानं बोलावलेलं असतंच. आणि हल्ली आणखी एक गट वाढलाय: ज्यांना कशानंच बोलावलेलं नाही, आणि म्हणून आपल्यात काहीतरी कमी आहे असं वाटून ज्यांची झोप उडाली आहे.

प्रत्येकाला तेच पुन्हा पुन्हा सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढावं, म्हणून हा प्रपंच. ज्या मुलीची गोष्ट सांगतेय तिची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला आपण वैदेही म्हणू.

माझी बैठक कुठली तेही आधी सांगून टाकते. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ पद्धत मांडली, तिच्यावर माझा भर. माणसाला प्रसंग जेवढा छळत नाही तेवढी त्या प्रसंगाबद्दलची त्याची स्वतःची समजूत छळते, हे त्या पद्धतीचं सार. कॉलिंगच्या बाबतीत छळणारी समजूत साधारण अशी असते: माझ्यासाठी एकच काम कुठंतरी ठरलेलं आहे, ते मला आतून कळेल, आणि एकदा कळलं की शंका, कंटाळा, अडचण काही उरणार नाही. तीन वाक्यं, आणि तिन्ही तपासून घेण्यासारखी.

वैदेही डिचोली तालुक्यातली, तेव्हा पंचवीस वर्षांची. गोवा विद्यापीठातून केमिस्ट्रीत एम.एस्सी. करून वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला लागलेली. पहिला फोन तिच्या बाबांचा. त्यांचा खनिज वाहतुकीचा ट्रक होता. २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आधी सरकारनं आणि मग सर्वोच्च न्यायालयानं खाणी थांबवल्या, तेव्हा हप्ते चालू असलेला ट्रक दारात उभा राहिला. पुढं काही काळ काम सुरू झालं, तोवर २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं आणि पुन्हा सगळं ठप्प. या घरात दर महिन्याला ठरल्या तारखेला येणारा पहिला पगार वैदेहीचा.

"खाणीनं बोलावलं तोवर आम्ही गेलो," बाबा फोनवर म्हणाले. "मग एक दिवस कोर्टानं सांगितलं, नको. त्यानंतर आम्हाला कोणी बोलावलं नाही, मॅडम. आम्हीच दारोदार गेलो."

यावर वाद घालायला जागाच नव्हती.

वैदेही स्वतः आली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये. आदल्या महिन्यात ती पणजीच्या पर्पल फेस्टला स्वयंसेवक म्हणून गेली होती. दिव्यांग व्यक्तींसाठीचा हा महोत्सव २०२३ च्या जानेवारीत पणजीत पहिल्यांदा भरला, हे त्याचं दुसरं वर्ष. तिथं एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा तिच्या ओळखपत्राची पट्टी बोटांत गुंडाळत बराच वेळ तिच्याशेजारी बसून राहिला. बोलला काहीच नाही. घरी जाताना त्याची आई म्हणाली, "तो असा कुणाजवळ बसत नाही." त्या रात्री जेवताना वैदेहीनं जाहीर केलं, "आय फील कॉल्ड टू स्पेशल एज्युकेशन." बाबांनी विचारलं, म्हणजे काय? ती म्हणाली, "बाबा, तुला नाही कळणार ते." राजीनाम्याचा मसुदा मोबाइलवर तयार होता, पाठवला नव्हता.

मी तिला विचारलं, "घरी हेच वाक्य सांगितलंस?"

"हो."

"‘बाबा, मला दिव्यांग मुलांना शिकवायचंय’ असं नाही म्हणालीस?"

तिनं ओढणीचं टोक मुठीत धरलं. "तसं म्हटलं असतं तर त्यानं विचारलं असतं, किती वर्षं शिकायचं, कुठं, फी किती, पगार किती."

"मग?"

"मला कुठं माहीत होतं?"

"आणि कॉलिंग म्हटल्यावर?"

"त्यावर कोण काय विचारणार, मॅडम?" असं म्हणून तिचं तीच थांबली.

ही पहिली गाठ सुटली, आणि ती फार लवकर सुटली. वैदेही हुशार मुलगी. बहुतेकांच्या बाबतीत एवढ्यालाच दोन-तीन भेटी जातात. ‘मला बोलावलंय’ म्हटलं की निर्णय माझा राहत नाही. तो वरून आलेला असतो, त्याला कोणी हिशेब मागायचा नाही, आणि उद्या फसला तर तो माझा फसलेला नसतो. ‘मला करायचंय’ म्हटलं की हिशेब माझ्या गळ्यात. समोरच्या बाबांना इंग्रजी फारसं येत नसेल, तर ते वाक्य जेवणाच्या पाटावरच चर्चा संपवून टाकतं. मुलं लबाडीनं असं करतात असं मी म्हणत नाही. घाबरलेला माणूस हाताशी येईल ते पुढं धरतो.

वाचणाऱ्या आईवडिलांनी इथं एक लक्षात घ्यावं. तुमच्या मुलीनं हे वाक्य म्हटलं की "असली थेरं परवडत नाहीत" म्हणू नका, आणि "तुझं सुख ते आमचं सुख" असं म्हणून मोकळेही होऊ नका. पहिल्यानं ती आणखी चिवट होते. दुसऱ्यानं तिला जमिनीवर आणणारा एकमेव माणूस मैदान सोडून जातो. "बरं, त्या कामात सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच काय करायचं असतं, ते मला सांग," एवढंच म्हणा. उत्तर आलं तर ऐका. नाही आलं तर तिला ते शोधायला वेळ द्या.

पुढच्या भेटीत मी विषय बदलला. पर्पल फेस्ट झालाच नसता तर नोकरी सोडावीशी वाटली असती का, असं विचारलं. आधी नाही म्हणाली. मग हळूहळू कंपनी बाहेर आली. यंत्रावर नमुने लावायचे, ग्राफ काढायचा, लॉगबुक भरायचं. ते काम तिला जड नव्हतं. जड होता वरचा एक माणूस, जो चूक कुणाचीही असली तरी रिपीट टेस्ट हिच्या माथी मारायचा, आणि ऑडिट जवळ आलं की सगळ्यांदेखत आवाज चढवायचा. परतीच्या कंपनीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून रडायची. वेर्ण्याहून डिचोलीपर्यंत रडायला अंतर पुष्कळ आहे.

कॉलिंगच्या दहा प्रकरणांत निम्म्यांच्या तळाशी मला असं काहीतरी सापडतं: छळणारा साहेब, मोडलेलं लग्न, पुढं निघून गेलेला वर्गमित्र, कधी घरातला मृत्यू. माणसाला तिथून पळायचं असतं, आणि पळतो म्हणायची लाज वाटते. कशाकडे तरी निघालोय म्हणायला बरं वाटतं. म्हणून मी ही दोन खाती वेगळी मांडायला लावते. कशापासून निघालीस? कशाकडे निघालीस? आणि पहिलं खातं आधी मिटवते. वैदेहीनं लेखी अर्ज करून कामाची पाळी, म्हणजे शिफ्ट, बदलून मागितली. अर्जात रडगाणं नव्हतं. कोणत्या तारखेला कोणती टेस्ट कुणी सोपवली एवढंच होतं. महिन्याभरानं पाळी बदलून मिळाली, बसमधलं रडणं थांबलं.

इथं पुष्कळांचं कॉलिंगही थांबतं. वैदेहीचं थांबलं नाही. एप्रिल उजाडला तरी ती त्या मुलाबद्दल आणि त्याच्या बोटांत गुंडाळलेल्या पट्टीबद्दल बोलत होती. मला ते महत्त्वाचं वाटलं. तरी तेवढ्यावर राजीनामा द्यावा असं वाटलं नाही, आणि मी तसं स्पष्ट सांगितलं.

बाबांना मी एकदा सोबत बोलावलं. ते आले ते भांडायच्या तयारीनं, शर्टाची बाही दुमडत. त्यांच्यासमोर मी राशोलच्या सेमिनरीचा, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेचा, विषय काढला. आपल्याकडे गोव्यात ज्या समाजात ही ‘बोलावण्या’ची कल्पना शतकानुशतकं नांदते आहे, ते आपले ख्रिस्ती शेजारी. त्यांच्यातला एखादा मुलगा देव मला बोलावतोय म्हणाला, तर त्याला दुसऱ्या दिवशी कोणी पाद्री करत नाही. साळगावची सेमिनरी, मग राशोलची. चर्चच्या कायद्याप्रमाणे तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र मिळून कमीत कमी सहा वर्षांचा अभ्यास. प्रत्यक्षात त्याहून जास्तच जातात. त्या वर्षांत तो मुलगा स्वतःला तपासतो, आणि वडीलधारे पाद्रीही त्याला तपासतात. मध्येच घरी परतणारेही असतात, त्यात कमीपणा मानत नाहीत. म्हणजे ज्यांनी हे वाक्य जपलं, त्यांनीही केवळ म्हणणाऱ्याच्या म्हणण्यावर विश्वास ठेवला नाही. आपण मात्र तेवढं वाक्य उचललं आणि सहा वर्षं तिथंच ठेवून आलो.

बाबांची बाही खाली आली. "हे बरोबर," ते म्हणाले. "आमच्या गावातला एक पोरगा गेला होता, दोन वर्षांनी परत आला. आता पंचायतीत आहे. चांगला आहे."

वैदेही म्हणाली, "पण मॅडम, मोठ्या लोकांना आतून कळलंच होतं ना? केसरबाईंना कोणी सांगितलं होतं का?"

हा प्रश्न मला दर वेळी येतो. गायक तेवढा बदलतो. केसरबाई केरकरांचं नाव डिचोलीच्या मुलीनं काढलं याचा मला आनंदच झाला, कारण ती गोष्ट मला ठाऊक होती. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानासोबत त्यांचा आवाज अंतराळात गेला, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या आधीचं कोणी सांगत नाही. केरीची ही मुलगी लहानपणी कोल्हापूरला अब्दुल करीम खाँकडे काही महिने शिकली, परत आली. मग रामकृष्णबुवा वझे लामगावला येत तेव्हा त्यांच्याकडे. लामगाव म्हणजे डिचोलीच! नंतर मुंबईत बरकतुल्ला खाँ, भास्करबुवा बखले. पुन्हा पुन्हा खंड. १९२१ मध्ये अल्लादिया खाँसाहेबांची शिस्तीतली तालीम सुरू झाली तेव्हा त्या तिशीच्या उंबरठ्यावर होत्या, आणि पुढची कित्येक वर्षं ती चालली. आतून काय वाटत होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. आपल्याला दिसतं ते एवढंच की दार बंद झालं की त्या दुसऱ्या दारात जाऊन बसल्या.

"लामगावला?" बाबांनी विचारलं. त्यांना बाकीचं ऐकू गेलं की नाही कोण जाणे, पण त्या दिवशी ते खुशीत गेले.

ठरलं ते असं: राजीनामा नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की सुट्टीच्या शनिवारी दिव्यांग मुलांच्या एका छोट्या शाळेत मदतनीस म्हणून जायचं. उत्सवाला जायचं तसं जायचं नाही. जी कामं सांगतील ती करायची. आणि मला भेटायला यायचं ते काय वाटलं हे सांगायला नाही, काय केलं हे सांगायला.

तिथल्या बाईंनी तिला एक मुलगा सोपवला, शर्टाचं बटण लावायला शिकवण्यासाठी. मला वाटलं होतं, सोपं काम असेल. वैदेहीनं माझ्या टेबलावर स्वतःच्या कुर्त्याच्या बाहीवर करून दाखवलं तेव्हा कळलं. एका हातानं काजाची पट्टी ताणून धरायची, दुसऱ्या हातानं बटण उभं करायचं, त्याची कड काजात घालायची, मग हातांची कामं बदलायची, पलीकडून दिसणारी कड चिमटीत पकडायची आणि ओढायची. आपण हे डोळे मिटून करतो. या मुलाला शिकवायचं ते शेवटाकडून. बाकी सगळं शिक्षिका करते, बटण निम्मं काजातून बाहेर आलेलं असतं, मुलानं फक्त शेवटचं ओढायचं. म्हणजे प्रत्येक वेळी बटण लागतं ते त्याच्या हातून. ते पक्कं झालं की त्याच्या आधीची एक पायरी त्याच्याकडे, मग त्याच्या आधीची. वैदेहीनं त्यासाठी वही घातली होती: तारीख, कितवी पायरी, हाताला धरून की नुसतं दाखवून, किती वेळा. औषध कंपनीत पहिल्या दिवशी शिकवतात ना, लिहिलं नाही म्हणजे केलं नाही. ती सवय तिथं कामी आली.

सुरुवातीचे शनिवार छान गेले. ती यायची ती डोळ्यांत चमक घेऊन. मी तिकडे मुद्दाम फार लक्ष दिलं नाही. चमक आणि कंटाळा दोन्ही येतात-जातात. मी वाट बघत होते ती वाईट शनिवारची.

तो जुलैत आला. वैदेही खुर्चीत बसली तीच पडलेल्या चेहऱ्यानं. "मॅडम, मला वाटतं हे माझं कॉलिंग नाहीच."

"काय झालं?"

"काहीच नाही झालं. तेच तर. पूर्ण सकाळ एका बटणासाठी. त्यानं शर्ट काढून फेकला, कानांवर हात ठेवून कोपऱ्यात बसला. मला काहीच फील नाही झालं. ना दया, ना आनंद. घड्याळ बघत होते."

"कंटाळा आला?"

"भयंकर."

"मग लवकर निघालीस?"

"नाही." जरा थांबून म्हणाली, "वही लिहायची होती."

"काय लिहिलंस?"

"बाईंचं म्हणणं, त्याला बटणाचा राग आला. मला तसं नाही वाटत." ती पुढं सरकून बसली. "पाऊस जोरात आला ना, तेव्हा त्यानं कान धरले. वर पत्रे आहेत. मी मागची पानं बघितली, ज्या शनिवारी तो बिथरला त्या दोन्ही दिवशी पाऊस लिहिलाय. बाकीच्या दिवशी शर्ट तोच, बटण तेच, पण तो बसला होता. बाईंना विचारलंय, पुढच्या वेळी आतल्या स्लॅबच्या खोलीत बसवून बघूया का. आणि चौथ्या पायरीवर थोडं मागं यावं लागेल. तिथं अंगठा..."

बोलता बोलता ती थांबली. माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे. अंगठा अजून हवेतल्या बटणावर होता.

"मी आज सोडते म्हणून सांगायला आले होते," ती म्हणाली आणि हसायला लागली.

मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं हे आमच्या कामातलं अर्धं कौशल्य, आणि इतक्या वर्षांत ते मला बऱ्यापैकी साधलं आहे. नव्या समुपदेशकांना मी हेच शिकवते: अशील स्वतःच्या बोलण्याला अडखळला की तुम्ही हात द्यायला धावू नका.

त्या दिवशी जे दिसलं त्यावर माझं आजचं सगळं सांगणं उभं आहे. पर्पल फेस्टमध्ये वैदेहीला जे झालं ते खरं होतं, पण त्यात काम नव्हतं. एक सुंदर दुपार होती. पावसाच्या शनिवारी भावना नव्हती, आणि तरी ती वहीची मागची पानं उलटत होती, कारण प्रश्न सुटायचा राहिला होता. एखादं काम आपलं आहे का, याची मला माहीत असलेली सगळ्यात भरवशाची खूण ही. कंटाळ्याच्या दिवशी तुम्ही त्या कामाबद्दल काय विचारता, त्याकडे बघा. ‘मला काय वाटतंय’ हाच प्रश्न पडत असेल तर अजून वेळ द्या. ‘तो कान का धरतो’ असा प्रश्न पडत असेल, तर तुम्ही आत शिरलेले आहात.

याला संशोधनाचाही आधार आहे. पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन समजुती तपासल्या: आवड माणसात आधीपासून असते आणि ती फक्त शोधायची, ही एक, आवड घडत जाते, ही दुसरी. पहिली समजूत असलेल्यांना वाटत होतं की खरी आवड सापडली की पुढं सगळं सुरळीत होईल, आणि म्हणूनच नव्या विषयात अवघड भाग आला की त्यांचा रस जास्त ओसरला. अवघड भाग त्यांना ‘हे माझं नव्हे’ असा निरोप वाटला. वैदेही जुलैत नेमकी तिथंच उभी होती.

बाबांच्या प्रश्नांची उत्तरं वैदेहीनं मग स्वतः गोळा केली. विशेष शिक्षक व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेनं मान्य केलेला अभ्यासक्रम हवा, बारावीनंतर डी.एड. किंवा पदवीनंतर बी.एड., विशेष शिक्षणातलं, दोन वर्षांचं. मग परिषदेच्या नोंदवहीत नाव. त्याशिवाय हे काम करता येत नाही, १९९२ चा कायदाच आहे तसा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे मान्य प्रकार सातावरून एकवीसवर नेले, आणि शाळांत विशेष शिक्षक नेमण्याबाबत सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये निर्देश दिले, म्हणजे काम वाढणार आहे. पगार मात्र सुरुवातीला आताच्यापेक्षा कमी पडेल, आणि खासगी संस्थेत बराच कमी. हे शेवटचं वाक्य तिनं बाबांना आधी सांगावं असा माझा आग्रह होता. तिनं सांगितलं, कोंकणीत, स्वयंपाकघरात, आई भाकऱ्या भाजत असताना. बाबांनी विचारलं, किती कमी? तिनं आकडा सांगितला. आई म्हणाली, "एवढ्यानं काय मरत नाही आपण." अर्ध्या वर्षात घरातल्या त्या चर्चेत आईनं उच्चारलेलं हे पहिलं वाक्य, असं वैदेही म्हणाली. आयांचं मत विचारायला आपण सगळेच विसरतो.

आता त्यांच्याबद्दल, ज्यांना कशानंच बोलावलेलं नाही. साखळीकडचा एक सरकारी कारकून माझ्याकडे यायचा. समाजमाध्यमांवर दुसऱ्यांची कॉलिंगं बघून बघून हैराण झालेला. नोकरी बरी, साहेब बरा, पण ‘हे काही माझं कॉलिंग नव्हे’. संध्याकाळी काय करता विचारलं तर म्हणाला, विशेष काही नाही, जत्रेच्या नाटकाच्या तालमी असतात. हा गृहस्थ कितीतरी वर्षं गावच्या नाटकात प्रकाशयोजना करत होता, पहाटेपर्यंत जागत होता, आणि त्यातलं काही त्यानं हिशेबात धरलं नव्हतं, कारण त्याचे पैसे मिळत नव्हते. एमी रेझनेस्की आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलं की माणसं आपल्या कामाकडे तीन तऱ्हांनी बघतात: पोटापाण्याची नोकरी म्हणून, वर चढायची शिडी म्हणून, किंवा ज्यात जीव रमतो असं काम म्हणून. एकाच ठिकाणच्या, एकाच पदावरच्या कार्यालयीन साहाय्यकांतही त्यांना तिन्ही तऱ्हेची माणसं साधारण सारख्या प्रमाणात सापडली. नोकरीला नुसती नोकरी म्हणणारा माणूस अपुरा नसतो. आपल्या कारकुनाला मी एवढंच म्हटलं की पगार एकीकडून आणि जीव दुसरीकडे, ही गोव्यातली फार जुनी सोय आहे. इथलं अर्धं मराठी नाटक असंच उभं राहिलं. तो पुन्हा आला नाही. जत्रेत भेटला, तेव्हा वर चढून दिवा फिरवत होता, बोलायला सवड नव्हती.

एक गोष्ट मात्र समुपदेशनाच्या कक्षेबाहेरची आहे, आणि घरच्यांनी ती ओळखावी. कॉलिंगची भाषा अचानक आली आहे, माणूस कित्येक रात्री झोपलेला नाही तरी थकत नाही, बोलणं थांबत नाही, पैसे उधळतोय, आपल्याला खास कामासाठी निवडलं आहे असं म्हणतोय, किंवा खरोखर आवाज ऐकू येतात म्हणतोय, तर त्याच्याशी वाद घालू नका आणि माझ्यासारखीकडे वेळही घालवू नका. मनोविकारतज्ज्ञ गाठा. बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. यावर उपचार आहेत, आणि लवकर सुरू झाले तर चांगले लागू पडतात.

वैदेहीनं पुढच्या वर्षी प्रवेश घ्यायचं ठरवून फीसाठी पैसे बाजूला टाकायला घेतले. तोवर नोकरी चालू, शनिवार चालू. तो मुलगा स्लॅबच्या खोलीत बसायला लागला. दोन बटणं लावतो, गळ्याजवळचं स्वतःचं स्वतःला दिसत नाही म्हणून अजून अवघड जातं. आमच्या शेवटच्या भेटीला बाबा आले होते, हातात एक कागद, त्यावर प्रश्न लिहिलेले. शेवटचा प्रश्न नोंदणीचा होता: एकदा झाली की जन्मभराची ना?

मी म्हटलं, नाही, दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, आणि तेवढ्या काळात पुढचं प्रशिक्षण घेतल्याचे गुण दाखवावे लागतात.

"म्हणजे ट्रकाच्या पासिंगसारखं!" बाबा म्हणाले, आणि कागदावर खूण करून तो घडी घालून खिशात ठेवला.